खाडीकडची वस्ती: शिधावाटपाची यादी

सेक्रेटरी: नमस्कार. काल खाडीकडच्या वस्तीत पाणी शिरलं. आपल्या सोसायटीकडे ६० किट तयार आहेत: तांदूळ, तूरडाळ, तेल, मीठ. कोणाला द्यायचे ते आज ठरवू या.

सी-४०३: काका, यादी एआयकडून काढू या ना. आफ्रिकेतल्या टोगो देशात कोरोनाच्या काळात असंच केलं होतं.

ए-१०१: गरिबी मशीनला कशी कळते रे?

सी-४०३: आधी उपग्रहाच्या फोटोंवरून सर्वांत गरीब १०० भाग निवडले. मग तिथल्या कोणाचे कॉल किती, मेसेज किती, डेटा किती, यावरून गरजूंचा अंदाज बांधला. धान्य नाही, थेट मोबाईलवर पैसे पाठवले.

बी-२०४: मीही वाचलंय ते. २०२२ मध्ये ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात त्यावर अभ्यास आला होता. नुसता भाग बघून वाटण्यापेक्षा या पद्धतीत यादीतून सुटून जाणारे गरजू ४ ते २१ टक्क्यांनी कमी झाले, ही मोठी गोष्ट आहे. पण घरोघरची पूर्ण नोंद असती तर याहून कमी लोक सुटले असते, हेही त्यातच आहे. आणि ज्या बाईकडे फोनच नाही तिचं काय?

२०२० आठवतंय ना? आपण रस्त्यालगतच्या गल्लीत तीनदा शिधा दिला, आतल्या गल्लीत एकदाही नाही. आत टेम्पो जात नव्हता, एवढंच कारण. मला अजून वाईट वाटतं. ती चूक नकाशा टाळू शकतो, म्हणून मशीन मला हवंच आहे. पण आमच्या मावशींचा अंगठा रेशन दुकानातल्या मशीनवर उमटेना, तर त्यांना दोनदा रिकाम्या हाताने परत पाठवलं. इतकी वर्षं भांडी घासून बोटांवरच्या रेषाच राहिल्या नाहीत. ‘मशीन नाही म्हणतंय’ म्हटल्यावर दाद मागायची कुठे?

सी-४०३: खरंय ताई. मग मी फक्त नकाशा करतो. पाणी कुठे साचलं, कोणती गल्ली राहिली, तेवढंच.

बी-२०४: चालेल. नावं अंगणवाडीच्या ताईंना विचारून घेऊ. कुठल्या घरात बाळंतीण आहे, कोण एकटं राहतं, त्यांना ठाऊक असतं. आणि ६० पैकी ८ किट मागे ठेवा. यादीत नसलेलं कुणी आलं तर त्याला ‘नाव नाही’ म्हणून परत पाठवायचं नाही.

ए-१०१: आतल्या गल्लीपासून सुरू करा. हातगाडीची सोय मी करतो.

सेक्रेटरी: ठरलं. सकाळी ७ वाजता गेटपाशी.