टाकीत बर्फ कशाला? टाकीला माठासारखा घाम येऊ द्या

गच्चीवरचा_पुदिना, इंदिरानगर
एप्रिल लागला की मातीशिवाय, खताच्या पाण्यात रोपं वाढवणाऱ्या आपल्या हायड्रोपोनिक्सवाल्यांचा एकच प्रश्न असतो: टाकीचं पाणी तापतंय, मुळं तपकिरी आणि बुळबुळीत झाली, काय करू? उत्तरही ठरलेलं, फ्रीजरमधल्या बाटल्या टाका. नाशिकच्या कोरड्या उन्हाळ्यात हा उपाय चुकीचा आहे, असं माझं ठाम मत आहे.

हिशेब मांडते. माझी टाकी ५० लिटरची. एक किलो बर्फ वितळताना साधारण ८० किलोकॅलरी उष्णता ओढतो, म्हणजे पाणी दीडेक अंशाने उतरणार. बाटलीतलं पाणी पुढे कोमट होईपर्यंत आणखी अर्धा अंश. दुपारी पाणी ३४ अंशांवर असेल आणि २४ वर आणायचं असेल, तर पाच बाटल्या लागतात. तेही तेवढ्या वेळात ऊन थांबलंय असं धरून! आणि एक लिटर पाणी हवेत उडून जाताना सुमारे ५८० किलोकॅलरी घेऊन जातं, बर्फाच्या सातपट. आपला माठ हेच तर करतो.

गेल्या उन्हाळ्यात मी टाकी विटांवर ठेवून स्लॅबपासून वेगळी केली, भोवती ओलं गोणपाट गुंडाळलं, वर हिरवी नेट ताणली. मुळांपाशी पाणी फिरवणाऱ्या पाइपांना पांढरा रंग दिला, कारण निम्मं पाणी तिथेच तापत होतं. दुपारी अडीचला थर्मामीटर २६ दाखवायचा.

एक सांगून ठेवते, खताचं द्रावण थेट माठात भरू नका. खताचे क्षार भिंतीतून झिरपून बाहेर पांढरे फुटतात, छिद्रं बुजतात आणि आतली ईसीही (पाण्यात क्षार किती, हे दाखवणारा आकडा) जाग्यावर राहत नाही.

सिडकोचा_माळी
ताई, बर्फाला एवढं मोडीत काढू नका. माझी फर्स्ट शिफ्ट असते, घरी येईपर्यंत चार वाजतात. भर दुपारी गोणपाट कोण भिजवणार? आई गुडघ्यांमुळे गच्चीवर जास्त वेळ थांबू शकत नाही. तिला दोन बाटल्या टाकून खाली येणं जमतं. तुमचा हिशेब ५० लिटरचा आहे. माझा टब २० लिटरचा, एका बाटलीत चार-पाच अंश उतरतात. दोन उन्हाळे लेट्यूस असंच काढलंय.

पंचवटीकर
मला पाण्याचा मुद्दा खटकतो. नाशिकला पाणी देणारं गंगापूर धरण खाली गेलं की पहिली काळजी प्यायच्या पाण्याची. मे महिन्यात सोसायटीत टँकर येत असताना मी गोणपाटावर पाणी ओतत बसलो, तर शेजाऱ्यांना काय सांगू? हायड्रोपोनिक्स आपण पाणी वाचवायला करतो ना?

गच्चीवरचा_पुदिना
काका, मुद्दा बरोबर आहे, म्हणून प्यायचं पाणी मी वापरतच नाही. आरओ फिल्टरचं वाया जाणारं पाणी बादलीत साठवते. आणि दादा, गोणपाट भिजवायला वर जावं लागत नाही. टाकीखाली परात ठेवा, गोणपाटाची खालची कड तिच्यात बुडू द्या. दिव्याच्या वातीसारखं ते पाणी वर ओढतं. सकाळी एकदा परात भरायची. टाकी उंच असेल तर वरचा भाग कोरडा राहतो, तुमच्या टबाला मात्र पुरेल.

पाथर्डी_फाटा_लेट्यूस
तुम्ही सगळे थर्मामीटरकडे बघताय. मुळं गुदमरतात ती ऑक्सिजनअभावी. २० अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलीग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३० अंशांना साडेसात. फरक आहे, पण जीवघेणा नाही. दोन एअरस्टोन (पाण्यात हवा सोडणारे सच्छिद्र दगड) लावा, बुडबुडे चालू ठेवा. मी ३० अंशांवर पुदिना काढतो.

गच्चीवरचा_पुदिना
पाण्यात मावतो किती, एवढंच बघून चालत नाही. पाणी तापलं की मुळांचा श्वास वाढतो, जंतूंचाही वाढतो. पुरवठा घटतो आणि मागणी वाढते. मुळं कुजवणाऱ्या पिथियम या बुरशीसारख्या रोगजंतूला अशी दमलेली मुळंच सापडतात. पुदिना सोसतो, लेट्यूस सोसत नाही. शिवाय तुमचा एअरपंप गच्चीवर उन्हात असेल तर तो गरम हवाच पाण्यात सोडतोय. आधी त्याला जिन्यात आणा.

नाशिकरोड_वायरमन
कोणीच न काढलेली गोष्ट. टाकीत बुडवलेला पंपही पाणी तापवतो. १८ वॅटचा पंप २४ तास चालला तर जवळजवळ ३७० किलोकॅलरी पाण्यात सोडतो. त्या एकट्याला उतारा म्हणून साडेचार किलो बर्फ वितळवावा लागेल. पाइपवाल्या पद्धतीत पंप बाहेर बसवा किंवा कमी वॅटचा घ्या. दुपारी पूर्ण बंद मात्र करू नका, पाइपातली मुळं लगेच सुकतात.

सिडकोचा_माळी
हे माहीत नव्हतं. माझा पंप २५ वॅटचा आहे, आजच बदलतो.

मखमलाबादचा_बागायतदार
मी द्राक्षवाला, घरामागे छोटं युनिट आहे. आम्ही एप्रिलात नव्या काड्यांसाठी खरड छाटणी करतो, ऑक्टोबरात फळांसाठी गोडी छाटणी. वेलीचं वेळापत्रक हवामान ठरवतं, आम्ही नाही. तुम्ही थंड हवेचं लेट्यूस मे महिन्यात गच्चीवर कशासाठी ओढताय? उन्हाळ्यात बेसिल लावा, आंबट चुका लावा. लेट्यूस ऑक्टोबर ते फेब्रुवारी. टाकी गार करण्याचा खटाटोपच उरणार नाही.

पाथर्डी_फाटा_लेट्यूस
दादा, मी दोन कॅफेंना लेट्यूस देतो. त्यांना मे महिन्यातही लागतं. पीक बदललं तर गिऱ्हाईक जातं, ते ऑक्टोबरात परत येत नाही.

मखमलाबादचा_बागायतदार
मग तुम्ही धंदा करताय, पाणी गार करणारा चिलर घ्या आणि विजेचा खर्च भावात लावा. घरी चार जुड्यांसाठी करणाऱ्यांना तो मार्ग सांगू नका.

गच्चीवरचा_पुदिना
लेट्यूसबद्दल बागायतदार दादांचं पटलं, या मे महिन्यात लावणार नाही. पण बेसिललाही ३४ अंशांचं पाणी मानवत नाही, टाकी गार ठेवावीच लागते. आणि गोणपाटाची मर्यादा मीच सांगते. हवा ३८ अंश आणि आर्द्रता २० टक्के असेल, तर ओलं कापड फार तर २१-२२ पर्यंत उतरू शकतं. जूनमध्ये ३२ अंश आणि ७० टक्के झाली की २७ च्या खाली जाणार नाही. पावसाळ्यात माठातलं पाणी गार लागत नाही, त्यातलंच हे.

सिडकोचा_माळी
परात उद्या ठेवतो. दोन बाटल्या मात्र फ्रीजरमध्ये राहणारच. ढगाळ, दमट दुपारी गोणपाट काही करणार नाही, हे तुम्हीच आत्ता लिहिलंत.