मदत हवी आहे: व्हेरिएबलच्या नावांत कॅपिटल आणि स्मॉल अक्षरांचा भेद मानावा का?

जाणकारांना नमस्कार. मी खानापूर तालुक्यात आठवी ते दहावीच्या मुलांसाठी संगणकाचा लहानसा वर्ग चालवतो. मराठी माध्यमाची मुले अधिक आहेत, काही कन्नड माध्यमाचीही येतात आणि तीही हिंदीमुळे देवनागरी वाचू शकतात. म्हणून मी पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेत एक छोटी शिकाऊ भाषा लिहिली आहे, जिच्यात 'जर', 'नाहीतर', 'दाखव' असे शब्द देवनागरीत आहेत आणि व्हेरिएबलचे, म्हणजे माहिती साठवायच्या जागेचे, नाव मात्र कोणत्याही लिपीत देता येते. बहुतेक मुले नावे रोमनमध्येच लिहितात. व्हॉट्सअॅपमुळे हाताला तीच सवय आहे.

पायथनप्रमाणे मीही कॅपिटल आणि स्मॉल अक्षरे वेगळी मानली होती. मागच्या आठवड्यात एका मुलीने शेतावरच्या भाताच्या पोत्यांची बेरीज करणारा प्रोग्रॅम लिहिला. रोमनमधले 'एकूण' हे नाव शून्य ठेवण्याची पहिली ओळ तिने वर्गात लिहिली आणि उरलेल्या ओळी घरी मोबाईलवर. मोबाईलने ओळीच्या सुरुवातीचे अक्षर आपणहून कॅपिटल केले, त्यामुळे बेरीज प्रत्येक वेळी कॅपिटल 'एकूण'मध्ये जात राहिली, स्मॉल 'एकूण' शून्यच राहिले आणि शेवटी उत्तरही शून्य आले. माझ्या भाषेत व्हेरिएबल आधी जाहीर करावे लागत नसल्याने चूक कुठेच दाखवली गेली नाही. आमच्या शाळेत या अक्षरांना पहिली लिपी आणि दुसरी लिपी म्हणत. म्हणजे अक्षर एकच, वळण दोन. त्या मुलीचीही समजूत तशीच होती आणि ती चुकीची होती असे मला म्हणवत नाही.

जुन्या भाषांकडे पाहून निर्णय होत नाही. सी, जावा आणि पायथन भेद मानतात, पास्कल आणि एडा मानत नाहीत. पीएचपीमध्ये तर व्हेरिएबलसाठी भेद आहे आणि फंक्शनच्या नावांसाठी नाही, म्हणजे एका घरात दोन सासवा. गो या भाषेत पॅकेजबाहेर, म्हणजे प्रोग्रॅमच्या त्या भागाबाहेर, दिसायचे असलेले नाव कॅपिटल अक्षराने सुरू व्हावे लागते, आणि देवनागरीत किंवा कन्नडमध्ये कॅपिटल हा प्रकारच नसल्याने आपल्या लिपीतले नाव तसेच्या तसे बाहेर दिसूच शकत नाही. असा नियम मला नको आहे.

मग भेद सरळ काढून टाकावा, तर वर्गातल्याच एका मुलाने अडवले. त्याने स्मॉल एलने 'वेल' आणि कॅपिटल एलने 'वेळ' अशी दोन नावे एकाच प्रोग्रॅममध्ये वापरली होती. रोमनमधून मराठी टंकताना ट, ण, ळ यांसाठी कॅपिटल अक्षर वापरण्याची पद्धत जुनी आहे. भेद काढला की त्याच्या काकडीच्या वेलांची संख्या आणि पाणी सोडण्याची वेळ एकाच जागी साठेल, आणि तेही गुपचूप.

तिसरा मार्ग मला बरा वाटतो: पहिल्यांदा नाव जसे लिहिले तसेच नोंदवायचे आणि पुढे केवळ लहान-मोठ्या अक्षरांचा फरक आढळला तर थांबून दोन्ही रूपे दाखवायची. पण मग 'वेल' आणि 'वेळ' एकत्र वापरता येणार नाहीत, आणि मोबाईलवर लिहिणाऱ्या मुलांना ओळीओळीला अडवले जाईल. माझ्या वेबपानावर आपोआप कॅपिटल होणे बंद करता येते, परंतु मुले दुसरीकडे लिहून इथे चिकटवतात.

याच प्रश्नाची देवनागरी बाजूही आहे. 'दऱ्या' हा शब्द कोणी ऱ वापरून लिहितो, कोणी र, हलन्त आणि न दिसणारे जोडचिन्ह वापरून. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण युनिकोडच्या नॉर्मलायझेशनने, म्हणजे एकाच अक्षराची वेगवेगळी रूपे एकसारखी करण्याच्या ठरलेल्या पद्धतीने, ते एक होत नाहीत. ते जोडचिन्ह गाळले तर 'दऱ्या'चा 'दर्या' होतो. म्हणून तुलनेपूर्वी दुसऱ्या रूपाचे पहिल्यात रूपांतर करण्याचा माझा विचार आहे.

तिसरा मार्ग कोणी नवशिक्यांच्या वर्गात वापरून पाहिला आहे का? मुलांना अडवण्याऐवजी केवळ सूचना देऊन प्रोग्रॅम पुढे चालू द्यावा का, आणि तसे केल्यास 'वेल' आणि 'वेळ' यांना एक धरावे की दोन? 'दऱ्या'बाबतच्या माझ्या विचारात एखादा मराठी शब्द अडकणार असेल तर तोही कृपया सांगावा.