शब्दचर्चा : मंगळावर 'जीवन' शोधतात, 'जीव' की 'जीवसृष्टी'?

संत्रानगरी
मुलीच्या शाळेत विज्ञान प्रदर्शन आहे. तक्त्याचा मथळा तिनं लिहिला : 'पृथ्वीबाहेर जीवन आहे का?' माझे सासरे पाणीपुरवठ्याच्या नोकरीतून निवृत्त झालेत. ते म्हणाले, "आहे की! मंगळाच्या ध्रुवांवर बर्फ आहे, म्हणजे जीवन आहेच." आता मुलगी अडून बसली आहे की मथळा बदलायचा. मग लिहायचं काय? शिवाय खाली 'निर्जीवापासून सजीवाची निर्मिती' असं आहे. निर्मिती, उत्पत्ती की उगम?

कोशकीटक
सासरेबुवांना नमस्कार सांगा. अमरकोशात पाण्याच्या नावांत 'जीवन' आहेच : 'पयः कीलालममृतं जीवनं भुवनं वनम्'. महाराष्ट्र जीवन प्राधिकरण पाणी पुरवतं ते याच अर्थानं. (त्या हिशेबानं 'जलजीवन' म्हणजे पाणीपाणी, पण ते असो.)

आजच्या मराठीत मात्र 'जीवन' म्हणजे जगणं, आयुष्य : जीवनचरित्र, जीवनशैली. 'मंगळावर जीवन सापडलं' ही घडण हिंदी बातम्यांतून आली असावी. आपल्या नागपुरात ती कानाला खटकतही नाही. मराठीत रुळलेला शब्द 'जीवसृष्टी'. तो वापरा.

रसायनी
'जीवसृष्टी' फार मोठा शब्द आहे. ऐकला की झाडंझुडपं, पशुपक्षी डोळ्यांपुढे येतात. 1976 साली व्हायकिंग यानांनी मंगळाची चिमूटभर माती तपासली, ती सूक्ष्मजीवांसाठी. मंगळावर फिरणाऱ्या पर्सिव्हिअरन्स गाडीला 2024 मध्ये तिथल्या जेझेरो विवराच्या भागात एक ठिपकेदार खडक दिसला. ठिपक्यांत लोहाची अशी खनिजं आहेत, जी पृथ्वीवर कधीकधी सूक्ष्मजीवांमुळे तयार होतात. निव्वळ रासायनिक क्रियेनंही होऊ शकतात, म्हणून शास्त्रज्ञ 'संभाव्य' हे विशेषण सोडायला तयार नाहीत. त्याला 'जीवसृष्टीचा पुरावा' म्हणणं म्हणजे राईचा पर्वत. अशा चिन्हासाठी 'जीवखूण' म्हणा. खूण फसवीही असू शकते, हे त्या शब्दातच आलं.

मथळ्यात नुसतं 'जीव' चालेल. एकपेशीय असो की हत्ती, मराठीत दोघंही जीवच.

बर्डीवाला
का राजेहो, इतकं मंगळ-मंगळ करून राहिले अन् लोणारचं नाव कोणीच नाही घेऊन राहिलं! उल्का आदळून बेसाल्ट खडकात झालेलं विवर, म्हणून तर मंगळाचा अभ्यास करणारे तिथं येतात. वरून पाणी खारट अन् अल्कधर्मी. जून 2020 मध्ये ते गुलाबी झालं, तेव्हा हायकोर्टाच्या आपल्या नागपूर खंडपीठानंही दखल घेतली होती. आघारकर संशोधन संस्थेनं तपासून सांगितलं की हे हॅलोआर्किया नावाच्या, मीठ मानवणाऱ्या सूक्ष्मजीवांचं काम.

माझा प्रश्न शब्दाचा आहे. त्यांना सरसकट 'जिवाणू' म्हणतात, ते बरोबर हाय का?

रसायनी
नाही. कार्ल वोस आणि जॉर्ज फॉक्स यांनी 1977 मध्ये दाखवलं की आर्किया हा जिवाणूंपेक्षा वेगळाच गट आहे. 'आदिजीवाणू' हा शब्द तर दुप्पट चुकतो : ते जिवाणू नाहीत, आणि 'आदि' म्हटलं की पृथ्वीवरचा पहिला जीव हाच, असं मुलं धरून चालतात. सरळ 'आर्किया' लिहावं. 'व्हायरस' पचला, तसा हाही पचेल.

कोशकीटक
'जीवसृष्टी' मागे घेतो. आता 'निर्मिती'कडे. निर्मिती म्हटली की निर्माता आला. 'उगम' नदीचा : एक जागा, एक झरा. जीव कुठे उपजला, समुद्रतळाच्या उष्ण झऱ्यांपाशी की जमिनीवरच्या डबक्यात, हा वाद अजून चालू आहे. 'उत्पत्ती'त कर्ता नाही, जागाही बांधलेली नाही. तोच बरा.

जीव कशातून जन्मतो यावरून केलेल्या आपल्या जुन्या चार खाणी आठवा : जारज, अंडज, स्वेदज, उद्भिज. उवा, ढेकूण घामातून, ओलीतून आपोआप होतात अशी समजूत, म्हणून ते स्वेदज. युरोपातही मांसातून अळ्या आपोआप होतात असं मानत. ते 'स्वयंजनन'. 1860च्या आसपास पाश्चरनं वाकड्या नळीच्या चंबूत उकळलेला रस्सा ठेवला, तो नासला नाही, आणि हा वाद जवळपास मिटला. पण अब्जावधी वर्षांपूर्वी रसायनांतून पहिला जीव घडला असेल, तर ती गोष्ट वेगळी. तिला 'अजीवजनन' म्हणतात. तक्त्यावर हे दोन शब्द एकमेकांच्या जागी गेले, तर पाश्चरनं खोडलं तेच आपण शिकवतोय असं होईल.

संत्रानगरी
'उत्पत्ती' ठरलं. मुलीनं मिलरचा प्रयोगही काढलाय, 1953 चा : पाणी, मिथेन, अमोनिया, हायड्रोजन, त्यात विजेच्या ठिणग्या, आणि अमिनो आम्लं तयार. तिथं 'आदिम सूप' लिहिलंय. चालेल?

कोशकीटक
चालेल, पण 'आदिम कढण' बघा. 1929 मध्ये ब्रिटिश शास्त्रज्ञ हाल्डेननं आदिम समुद्र म्हणजे पातळ, गरम सूप, अशीच कल्पना मांडली होती. (हाच हाल्डेन पुढे भारताचा नागरिक झाला.) कढण पातळच असतं.

बर्डीवाला
नागपुरात 'कढण' लिहाल तर पोट्टे आजारी माणसाचं जेवण समजतील. सूपच राहू द्या.

रसायनी
सूपच बरं. आणि तक्त्यावर 'परग्रहवासी' असेल तर तेवढं खोडा. शनीच्या एन्सेलेडस चंद्रावरून पाण्याचे फवारे उडतात, बर्फाखाली समुद्र आहे. उद्या तिथं काही सापडलं तरी ते ग्रहावरचं नसेल, उपग्रहावरचं असेल.