दबाव मालकाचा की दूध फेकण्याचा?

पशुवैद्य जनावराच्या मालकाच्या दबावापुढे झुकून गरज नसताना भारी अँटिबायोटिक देतात, असं म्हणतात. मुद्दा मान्य, पण अर्धाच. औषधाची निवड बऱ्याचदा दूध (त्यात औषधाचा अंश उतरतो म्हणून) किती दिवस टाकून द्यावं लागेल यावर ठरते. सेफ्टिओफर या अँटिबायोटिकच्या इंजेक्शननंतर बऱ्याच ठिकाणी एक दिवसही दूध टाकून द्यावं लागत नाही, म्हणून ते पटकन हातात येतं. ते तिसऱ्या पिढीचं सेफॅलोस्पोरिन, म्हणजे माणसांच्या उपचारांसाठी अत्यंत महत्त्वाच्या मानलेल्या अँटिबायोटिकच्या गटातलं. पेनिसिलिनसारखं साधं अँटिबायोटिक पुरेसं असतं तिथेही तेच टोचलं जातं, कारण पेनिसिलिन दिलं की दूध ओतून द्यायचं आलं.

कासदाहात (दुभत्या जनावराच्या कासेला येणाऱ्या सुजेत) तर औषध देण्याआधी थांबायला वाव असतो. दुधात नुसत्या गुठळ्या असतील किंवा कास थोडी सुजली असेल, पण ताप नाही आणि जनावर खातंय, तर कल्चरसाठी (दुधाच्या नमुन्यातून जंतू वाढवून ओळखण्याच्या तपासणीसाठी) २४ तास थांबल्याने सहसा बिघडत नाही. बऱ्याच नमुन्यांत काहीच उगवत नाही, आणि ई-कोलाय या जंतूचा सौम्य संसर्ग पुष्कळदा आपोआप आटोक्यात येतो. या दोन्हींत सडात अँटिबायोटिकची ट्यूब भरून फारसं काही हाती लागत नाही. ताप, खाणं बंद, पाण्यासारखं दूध असेल तर मात्र वाट बघू नये.

कल्चरसाठी दुधाचा नमुना घेताना घाई नडते. पहिल्या तीन-चार धारा टाकून द्या, सडाचं टोक ७० टक्के अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या कापसाच्या बोळ्याने, बोळा स्वच्छ निघेपर्यंत पुसा, बाटली तिरकी धरा. प्रयोगशाळेत जंतू वाढवायच्या प्लेटवर तीन किंवा अधिक प्रकारचे जंतू उगवले तर नमुना दूषित समजायचा आणि नव्याने घ्यायचा. तसल्या रिपोर्टवर ‘मिश्र संसर्ग’ म्हणून भारी औषध लिहिणारेही आहेतच!