सुतारकामातील आखणीसाठी आधी कोणती साधने घ्यावीत?

खानापूरवासी:
सर्वांना नमस्कार. गेल्या वर्षी नोकरीतून निवृत्त झाल्यापासून घरामागच्या पडवीत सुतारकाम शिकतो आहे. जुन्या दाराचे सागवान हाताशी होते, म्हणून गणपतीच्या चौरंगापासून सुरुवात केली. चार पाय, त्यांना जोडणाऱ्या चार पट्ट्या आणि वर फळी, एवढेच काम होते. परंतु चौरंग डुगडुगतो. जो पाय लांब वाटला तो थोडा थोडा कापत गेलो, आणि ९ इंचांचे पाय ७.५ इंचांवर आले तरी डुगडुगणे थांबले नाही. घरची मंडळी आता त्याला पाटच म्हणू लागली आहेत.

माझ्याकडे टेप, पेन्सिल आणि आजोबांच्या वेळचा, लाकडी दांड्याचा व ९ इंची पात्याचा गुण्या आहे. दुकानात कॉम्बिनेशन स्क्वेअर (पट्टीवर सरकणारा गुण्या), मार्किंग नाइफ (आखणीची सुरी), चाकाचे गेज (कडेला समांतर रेघ मारण्याचे), डिव्हायडर असे बरेच काही दिसते. ३,००० रुपयांपर्यंत खर्च करण्याची तयारी आहे. यांतले आधी काय घ्यावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

शहापूरचा मेस्त्री:
काका, दुकानात जाण्याआधी घरातला गुण्या तपासा. एका फळीची कड रंध्याने अगदी सरळ करून घ्या, तिला गुण्याचा दांडा टेकवा आणि पात्याच्या कडेने बारीक रेघ ओढा. मग गुण्या उलटा करून, म्हणजे दांडा दुसऱ्या बाजूला जाईल असा धरून, त्याच बिंदूपासून दुसरी रेघ ओढा. दोन्ही रेघा एकमेकींवर बसल्या तर गुण्या खरा. वर जाताना त्या फाकल्या, तर टोकाशी जेवढे अंतर दिसेल त्याच्या निम्मी चूक तुमच्या गुण्यात आहे. नवीन गुण्या घेतानाही दुकानात हेच करून पाहावे. दुकानदाराने तोंड वाकडे केले तरी चालेल.

पेन्सिलीबद्दलही सांगतो. पेन्सिलीची रेघ कितीही बारीक काढली तरी तिला जाडी असते, आणि करवत रेघेच्या अलीकडे चालवायची की पलीकडे, हा प्रश्न दर वेळी नव्याने पडतो. सुरीने मारलेली रेघ म्हणजे लाकडातला कापच असतो. पटाशी त्यात आपोआप बसते आणि सांध्याची कड तुटत नाही. सुरी एकाच बाजूने धार लावलेली घ्यावी आणि तिची सपाट बाजू गुण्याच्या पात्याला चिकटवून चालवावी. पहिला हात अगदी हलका, दुसरा थोडा जोराचा. पहिल्याच हाताला जोर दिला की सुरी सागवानाच्या रेषांमागे पळते.

खानापूरवासी:
मेस्त्री, आपण सांगितल्याप्रमाणे गुण्या तपासला. ९ इंचांच्या टोकाशी दोन रेघांत १ मिलिमीटर अंतर पडले. आजोबांच्या गुण्यात खोट निघाली म्हणून वाईट वाटले, पण डुगडुगण्याचे कारण सापडले, असे समजू का?

उद्यमबागचा निवृत्त फिटर:
माझा जन्म लोखंडात गेला, लाकडात नाही. तरीही आकडेमोड करून सांगतो. १ मिलिमीटर फाक म्हणजे ९ इंचांत अर्ध्या मिलिमीटरची चूक. तुमचे पाय २ इंच जाडीचे धरले, तर एका बाजूवर ती जेमतेम ०.१ मिलिमीटर येते आणि चारही बाजूंनी रेघ फिरवून आणली तरी शेवटी ०.४ मिलिमीटरच्या आसपास राहते. चौरंग डुगडुगायला एवढे पुरेल, पण दीड इंच कापूनही तो बसला नाही याचा दोष त्या गुण्यावर टाकता येत नाही. माझा अंदाज असा की आपण चारही पायांची मापे टेपने वेगवेगळी घेतली असावीत.

टेपचा पुढचा हूक किंचित हलतो, तो सैल झालेला नसतो. हुकाच्या पत्र्याची जाडी जितकी, तितकाच तो मागेपुढे सरकावा, म्हणजे बाहेरून अडकवून घेतलेले आणि आत टेकवून घेतलेले माप सारखे यावे, अशी ती योजना आहे. टेप दोन-चारदा उंचावरून पडला की मात्र हूक वाकतो किंवा त्याच्या रिबिटांची भोके मोठी होतात. त्यामुळे लहान कामाला टेप वापरूच नये. ३०० मिलिमीटरची चांगली स्टीलपट्टी घ्यावी. तिच्यावरील खुणा खोदलेल्या असाव्यात, छापलेल्या नकोत. आणखी एक विनंती: आमच्याकडचा स्क्राइबर, म्हणजे लोखंडावर रेघ मारायची टोकदार सळी, कोणी दिला तर तो लाकडावर वापरू नका. लोखंडावर तो सुंदर चालतो, पण लाकडाचे आडवे तंतू तो कापत नाही, नुसते फाडतो.

निपाणीकर (प्लायवूडची कामे):
सुरीच्या बाबतीत माझे मत वेगळे आहे. सांधे हाताने कापणाऱ्यांना ती हवीच; परंतु ज्यांचे सगळे काम प्लायवूड आणि सनमायकाचे आहे, त्यांना टोकदार २एच पेन्सिल पुरते. आमच्याकडे चुका होतात त्या सूत (इंचाचा आठवा भाग) आणि मिलिमीटर यांच्या गोंधळातून. जुने कारागीर ‘सहा सुती प्लाय’ म्हणतात. सहा सूत म्हणजे १९.०५ मिलिमीटर, आणि दुकानातून येतो तो १८ मिलिमीटरचा. कपाटाचे आतले माप काढताना दोन्ही बाजूंच्या फळ्या सहा सुती धरल्या की २ मिलिमीटरहून अधिक फरक पडतो आणि ड्रॉवर घळघळतो. एका कामात एकच परिमाण ठेवावे. मोठ्या चौकटीचा काटकोन तपासण्यासाठीही महागड्या गुण्याची गरज नसते: समोरासमोरच्या बाजू सारख्या असतील आणि दोन्ही कर्णांची मापे जुळली तर चौकट काटकोनात आहे.

शहापूरचा मेस्त्री:
फिटर मामांचे म्हणणे मला पटते. चार पाय असतील तर मापाची खूण एकाच पायावर करावी. मग चारही पाय शेजारी शेजारी ठेवून, त्यांची टोके एका रेषेत आणून क्लॅम्पने आवळावेत आणि गुण्याने चौघांवरून एकदम रेघ ओढावी. चूक झालीच तर ती चौघांत सारखी होते, आणि सारखी चूक डुगडुगत नाही. प्रत्येक पायाच्या दोन लगतच्या, रंधून काटकोनात आणलेल्या बाजूंवर पेन्सिलीने खूण ठेवावी आणि गुण्याचा दांडा व गेज नेहमी त्याच बाजूंना टेकवावे. गेज कधी या बाजूने, कधी त्या बाजूने लावले, तर पायाच्या जाडीतला सगळा फरक सांध्यात उतरतो.

खरेदीबद्दल विचाराल, तर माझ्या मते ६ इंची कॉम्बिनेशन स्क्वेअर, एक सुरी, फिटर मामांनी सांगितलेली स्टीलपट्टी आणि एक साधे गेज एवढे पुरे. चाकाचे गेज चांगले असते, पण खिळ्याचे स्वस्त गेजही वाया जात नाही. त्याचा खिळा कानशीने सुरीसारखा चपटा केला की आडव्या तंतूंवरही ते स्वच्छ रेघ देते. डिव्हायडर पुढे डवटेल, म्हणजे पारव्याच्या शेपटीच्या आकाराचे सांधे, करू लागाल तेव्हा घ्या. आणि खानापूरचा पाऊस लक्षात ठेवा. त्या हवेत लाकडी गेज फुगून घट्ट होते आणि स्टीलच्या पट्टीवर आठवड्यात तांबूस ठिपके येतात. शिवणयंत्राच्या तेलाचा बोळा फिरवत जा.

आता त्या चौरंगाचे. मोजून पाय कापणे बंद करा. एखाद्या पक्क्या सपाट जागेवर चौरंग ठेवा, पायांखाली पातळ पाचरी सारून वरची फळी पातळीत आणा. मग सर्वांत जास्त उचललेल्या पायाखालच्या फटीहून किंचित जाड अशी एक लाकडी चीप घेऊन तिच्यावर पेन्सिल आडवी ठेवा आणि ती चीप जमिनीवर सरकवत चारही पायांभोवती रेघ फिरवा. त्या रेघेवर कापा.

खानापूरवासी:
घरात खात्रीने सपाट अशी एकच जागा आहे, ती म्हणजे स्वयंपाकघराचा कडप्प्याचा ओटा. दुपारी भांडी आवरल्यावर तो तासाभरासाठी मिळाला. चीप दोन सुतांची लागली, म्हणजे पाय आता सव्वासात इंचांचे झाले आहेत. ओट्यावर चौरंग हलत नाही. पडवीत शहाबादी फरशीवर नेल्यावर मात्र एक कोपरा थोडासा वाजतो. नवा स्क्वेअर आला की आधी तोच उलटवून पाहीन.

उद्यमबागचा निवृत्त फिटर:
पडवीतल्या फरशीवर चौरंग जागच्या जागी पाव वळसा फिरवून पाहा. तरीही जमिनीचा तोच कोपरा वाजला, तर दोष फरशीचा आहे.