मदत हवी आहे: प्लांट हेड झालो पण भट्टीवरनं लक्ष सुटेना

नमस्कार मंडळी. मी बेळगावचा, उद्यमबागेत एका फौंड्रीत (लोखंड वितळवून साच्यात ओतायचा कारखाना) 19 वर्षं आहे. सँड लॅबपासून सुरुवात, मग मेल्टिंग, आणि ह्या पाडव्यापासून प्लांट हेड. हाताखाली चार डिपार्टमेंट आलेत पण काम अजून जुनंच करूलालोय. सकाळी आलो की केबिनला न जाता पहिला सँड प्लांटला, साच्याची वाळू मुठीत दाबून बघणार, लॅबच्या पोरानं मॉइश्चर काढून लिहून ठेवलेलं असतंय तरी.

मागच्या महिन्यात मात्र महागात पडलं. मी कस्टमरसोबत मीटिंगला, फोन सायलेंट. इकडं स्पेक्ट्रोचा (धातूत काय किती आहे ते सांगणारं मशीन) रिपोर्ट आला, सगळं रेंजमध्ये, तरी मेल्टिंगचा इनचार्ज माझ्या ओकेसाठी पाऊण तास थांबला. ग्रे आयर्न भट्टीत तसं तापवत ठेवलं की कार्बन उतरतो, चिल (ओतलेलं लोखंड कडेला पांढरं, कडक होणं) वाढतं, हे फौंड्रीवाल्यांना सांगायला नको. परत वेज टेस्ट (पाचरीसारखा तुकडा ओतून, मोडून चिल बघणं) न घेता ओतलं, पातळ कडा पांढऱ्या पडल्या आणि मशीनशॉपला इन्सर्टवर इन्सर्ट (कटिंग टूलची टोकं) तुटायला लागले तेव्हा कळलं.

मी जाम तापलो, रिपोर्ट बरोबर होता तर टॅप (भट्टीतनं धातू बाहेर काढणं) का केलं नाहीस म्हणून. तो एवढंच म्हणाला, "सर, मागं एकदा न विचारता केलतो, तवा तुम्ही काय बोलला आठवतंय की." बोललो होतो, सगळ्या शिफ्टसमोर. तेव्हापासनं दर हीटला (भट्टीच्या एकेका घाण्याला) फोन, "टॅप माडलेन्री सर?" (करू काय). गावच्या महालक्ष्मी यात्रेत पंगतीला बसलो तरी तेच, अन मला पण आतून बरं वाटायचं हे आता कबूल करतो.

आता कागदावर लिहून भट्टीजवळ लावलंय, कार्बन, सिलिकॉन, चिल ठरल्या रेंजमध्ये असेल तर विचारायचं नाही, बाहेर गेलं तरच फोन. आठवडा झाला, फोन तेवढेच. आणि एक दिवस आला नाही तर अर्ध्या तासात मीच लावला 😅

वर्कशॉप लाईनमधल्या सिनिअर लोकांनी सांगा, कागद लावल्यावर पुढं काय केलं? त्याचा फोन आला तर उचलायचाच नाही काय? की उचलून "तुला काय वाटतंय" एवढंच विचारायचं? एखादी हीट वाया जाईल त्याचा हिशोब मालकांना आधीच सांगून ठेवता काय?

आणि अजून एक, त्याला बोललो सगळ्यांसमोर, तर चुकलो हे पण शिफ्टसमोरच म्हणायचं की केबिनला बोलवून?