बी.कॉम.नंतर लेखाशास्त्र आणि डेटा ॲनालिटिक्स एकत्र शिकवणारा अभ्यासक्रम घ्यावा का?

प्रश्न – वागळे_इस्टेटचा_लेखापाल

नमस्कार. अकाउंटिंग अँड फायनान्समध्ये बी.कॉम. करून मी गेली दोन वर्षे ठाण्यातील वागळे इस्टेटमधल्या एका लहान खासगी मर्यादित कंपनीत हिशेब पाहतो. टॅलीत नोंदी करणे, बँकेचे स्टेटमेंट जुळवणे आणि दर महिन्याच्या १४ तारखेला जीएसटीआर-२बी (पुरवठादारांनी कळवलेल्या बीजकांवरून जीएसटीच्या संकेतस्थळावर आपोआप बनणारे विवरण) तयार झाले की ते खरेदीशी ताडून पाहणे, यांत बहुतेक दिवस जातात. ऐरोली-महापेकडच्या जाहिरातींमध्ये मात्र लेखापालाच्या जागेसाठीही पॉवर बीआय, एसक्यूएल आणि क्वचित पायथन अशी माहितीच्या विश्लेषणाची साधने मागितलेली दिसतात. अशा वेळी साधे एम.कॉम. करावे, की लेखाशास्त्र, ॲनालिटिक्स आणि व्यवस्थापन एकत्र शिकवणारा पदव्युत्तर अभ्यासक्रम घ्यावा? दुसऱ्याचे शुल्क कितीतरी पट जास्त असल्याने घरात शैक्षणिक कर्जाचा विषय निघाला आहे. मी दोन माहितीपत्रके वाचली; दोन्हींत सॉफ्टवेअरची नावे ओळीने दिली आहेत, पण ती वापरून नेमके काय करायचे याविषयी एक वाक्यही नाही.

उत्तर – ऐरोली_वित्तविभाग

मी नव्या उमेदवारांच्या मुलाखती घेतो, म्हणून त्या बाजूने लिहितो. आम्ही प्रत्येकाला एक फाइल देतो. तिच्यात एका पानावर खरेदीची नोंदवही आणि दुसऱ्या पानावर २बी असते, आणि दोन्ही जुळत नाहीत. बऱ्याच ओळी केवळ इन्व्हॉइस क्रमांक वेगळ्या पद्धतीने लिहिल्यामुळे अडतात. आमच्याकडे ‘४५’ असते, तर पुरवठादाराने ‘००४५/२३-२४’ असे भरलेले असते. पॉवर क्वेरी (एक्सेलमधले माहिती स्वच्छ करून जुळवण्याचे साधन) येणारा उमेदवार हे अर्ध्या तासात निस्तरतो, आणि व्हीलुकअप या एक्सेलच्या साध्या सूत्रावर विसंबणारा दुपारपर्यंत तिथेच असतो. इथवर साधनांचे महत्त्व मला पूर्ण मान्य आहे.

खरी परीक्षा त्यानंतर उरलेल्या अकरा ओळींची असते. त्यांतल्या नऊ ओळी तुर्भ्याच्या एकाच खोक्यांच्या पुरवठादाराच्या आहेत. उत्तम प्रमाणपत्रे असलेल्या एका उमेदवाराने त्यांना लाल रंग देऊन शेजारी लिहिले, ‘पुरवठादाराने विवरणपत्र भरलेले नाही, देयक रोखावे.’ दुसऱ्या मुलीने मात्र विचारले, ‘हे गृहस्थ तिमाही भरतात का?’ वार्षिक उलाढाल ५ कोटींपर्यंत असेल तर तिमाही विवरणपत्राची सोय असते, आणि पहिल्या दोन महिन्यांची बीजके पुरवठादाराने पुढच्या महिन्याच्या १३ तारखेपर्यंत आयएफएफमधून (तिमाही भरणाऱ्यांना बीजके दरमहा कळवता यावीत म्हणून दिलेली सोय) चढवली नाहीत तर ती तिमाही संपल्यावरच २बीत उमटतात. १ जानेवारी २०२२ पासून पुरवठादाराने बीजक कळवून ते आपल्या विवरणात दिसल्याशिवाय इनपुट क्रेडिट (खरेदीवर दिलेल्या कराची वजावट) घेता येत नाही, त्यामुळे तोवर तेवढा कर आपल्याला खिशातून भरावा लागतो. उपाय काय, तर पुरवठादाराला फोन करून बीजके दरमहा चढवायला सांगणे. त्याचे पैसे अडवले असते तर पुढच्या आठवड्यात आमचा माल खोक्यांवाचून पडून राहिला असता. नोकरी कोणाला मिळाली, ते सांगायला नको.

उत्तर – नेरुळचा_शिक्षक

वरील अनुभव बोलका आहे, पण त्यावरून ‘साधने काय, नंतरही येतील’ असा अर्थ कोणी काढू नये. अभ्यासक्रम सगळीकडे त्या दिशेने सरकले आहेत. अमेरिकी सीएमए या व्यवस्थापकीय लेखाशास्त्राच्या परीक्षेच्या पहिल्या भागात जानेवारी २०२० पासून तंत्रज्ञान आणि ॲनालिटिक्सला १५ टक्के भार आहे. तिथल्या सीपीए (आपल्याकडच्या सीएसारख्या) परीक्षेत जानेवारी २०२४ पासून तीन अनिवार्य विषयांबरोबर एक विशेष विषय निवडावा लागतो आणि त्यांत माहिती प्रणाली व नियंत्रणे हा एक पर्याय आहे.

वर्गातला एक प्रसंग सांगतो. पेटी कॅशच्या, म्हणजे किरकोळ रोख खर्चाच्या, व्हाउचरांचा रकमेनुसार आलेख काढला, तेव्हा ९ हजारांच्या घरात मोठा उंचवटा आला आणि विद्यार्थ्यांनी लगेच अफरातफरीचा निष्कर्ष काढला. १९६१ च्या आयकर कायद्याच्या कलम ४०अ(३) प्रमाणे एका व्यक्तीला एका दिवसात रोखीने १० हजारांहून अधिक दिले तर तो खर्च सामान्यतः करपात्र उत्पन्नातून वजा मिळत नाही, हे त्यांनी शिकलेले होते. आलेखाशी ते जोडायचे, म्हणजे या मर्यादेच्या आत राहण्यासाठीच रकमा ९ हजारांच्या घरात ठेवल्या असतील, हे मात्र कोणाला सुचले नाही. आलेखाशिवाय तो उंचवटा दिसला नसता आणि कलमाशिवाय तो उलगडला नसता. मग आम्ही एकाच दिवशी एकाच नावाने फोडलेली व्हाउचरे शोधली, आणि तपासण्याजोगा भाग तिथे होता.

म्हणून प्रवेशाआधी एवढेच विचारा, की विद्यार्थ्यांना कामासाठी मिळणारी माहिती आधीच स्वच्छ करून दिलेली असते का. ‘हो’ असे उत्तर आले तर ते शुल्क माझ्या मते जास्त आहे. एम.कॉम.लाही कमी लेखू नका. नव्या शैक्षणिक धोरणानुसार त्याच्या पहिल्या वर्षात प्रत्यक्ष कामाच्या प्रशिक्षणाला श्रेयांक आहेत आणि पहिल्या वर्षानंतर पदविका घेऊन बाहेरही पडता येते.

उत्तर – नौपाडा_सीए

कर्ज काढण्याआधी घरचेच साहित्य वापरून पाहा. तुमची कंपनी खासगी मर्यादित आहे, म्हणजे १ एप्रिल २०२३ पासून तिच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाची नोंद राहणे बंधनकारक आहे. वरिष्ठांची परवानगी घेऊन तो एडिट लॉग उघडा आणि नोंदी कोणी, कोणत्या तारखेला, किती वेळा बदलल्या ते एक्सेलमध्ये मांडा. त्यासाठी कोणतेही शुल्क पडत नाही. जाता जाता, बी.कॉम.ला ५५ टक्के असतील तर फाउंडेशन ही पहिली परीक्षा न देता सीए इंटरमिजिएटला नोंदणी करता येते, आणि आर्टिकलशिप (सीएच्या हाताखालची उमेदवारी) आता दोनच वर्षांची आहे. अर्थात तो रस्ता सर्वांना मानवतो असे नाही.

प्रश्नकर्ता – वागळे_इस्टेटचा_लेखापाल

सर्वांचे आभार. परवानगी घेऊन तीन महिन्यांचा एडिट लॉग मांडला. सर्वाधिक बदल दर महिन्याच्या १९ आणि २० तारखेला, म्हणजे ३बी (जीएसटीचे मासिक विवरणपत्र) भरण्याच्या धांदलीत झालेले आहेत, आणि त्यांतले बहुतेक माझ्याच नावावर आहेत. उघडून पाहिले तर निम्म्याहून अधिक ठिकाणी मी इन्व्हॉइस क्रमांकच दुरुस्त केलेला निघाला. उद्यापासून खरेदीची नोंद करतानाच क्रमांक बीजकावर छापला आहे तसाच्या तसा घालणार आहे. कर्जाचा विषय तूर्त बाजूला ठेवला आहे. नेरुळच्या सरांना एकच विचारायचे आहे: एम.कॉम.मधील प्रत्यक्ष कामाचे प्रशिक्षण सध्याच्या नोकरीच्या ठिकाणीच करू देतात का?